सतरावी ओळ

१

रंगारी अठरा मीटरवरून खाली आला तेव्हा तेवीस जण मनोऱ्याच्या पायथ्याशी आपापल्या सुरक्षापट्ट्यांचे बंद आवळत उभे होते. उंचीवरून पडायचं कसं नाही, हेच शिकायला ते सगळे आले होते.

सोमवार, सकाळचे साडेआठ. कारखान्याच्या मागच्या आवारात सरावासाठी उभा केलेला लोखंडी मनोरा. वर्गाचा नेम असा, की पहिल्याने वर चढायचं, दोर अडकवायचा आणि हात सोडून पट्ट्यावर भार टाकायचा. रंगाऱ्याने हात सोडले. पाठीवरचा बंद कागदासारखा फाटला आणि त्याचं डोकं काँक्रीटच्या ओट्यावर आपटलं. रांगेतल्या दुसऱ्या माणसाच्या बुटांवर जे उडालं ते पाहून तो तिथेच ओकला. शिकवणाऱ्या उस्तादाने आपलं जाकीट काढून प्रेतावर टाकलं, पण जाकीट आखूड पडलं आणि पाय तसेच उघडे राहिले.

नऊच्या आत कारखानाभर एकच वाक्य फिरलं, की त्याचं नाव यादीत पहिलं टाकलं ते नोंदणीवालीने. कुणाला कुठल्या वर्गात बसवायचं त्या याद्या संगणकावर चढवणारी ही मुलगी. दोन महिन्यांपूर्वी रंगाऱ्याने गेटवर स्कूटर लावण्याच्या भांडणात तिच्या भावाचा जबडा मोडला होता, आणि तेव्हा ती पन्नास माणसांदेखत म्हणाली होती, "याला एक दिवस मीच वर पाठवीन." तेव्हा सगळे हसले होते. आता हसायचं कुणाच्या मनात नव्हतं.

सव्वानऊला रंगखात्याचा मुकादम तिच्या खोलीत शिरला. तो रंगाऱ्याचा थोरला भाऊ. त्याने तिला वेणीला धरून खुर्चीतून ओढलं आणि अशी थप्पड मारली की ती कपाटावर जाऊन आदळली. मग मागच्यांनाही जोर आला. कुणी लाथा घातल्या, कुणी तिचाच कीबोर्ड तिच्या पाठीवर फोडला. पहारेकऱ्याने कशीबशी तिला आतल्या खोलीत ढकलून कडी घातली, तेव्हा तिचा ओठ फाटला होता आणि पुढचे दोन दात हलत होते.

२

दहाला इन्स्पेक्टरबाई आल्या. वय सत्तावन्न, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. हाताखालचे शिपाई त्यांना पाठीमागे 'करवत' म्हणत, आणि बाईंना ते ठाऊक असून आवडत होतं.

गाडीतून उतरतायत तोच वरिष्ठांचा फोन. साहेबांनी शहाणपण शिकवलं, की दोन वाजेपर्यंत मुलीला बेड्या घालून पुढच्या गेटने बाहेर काढा, लोकांनी पाहिलं की लोक शांत होतील. गेटवर तेव्हाच तीनचारशे माणसं जमली होती आणि त्यांच्या हातात लोखंडी गज होते. बाईंनी अकरा वर्षांपूर्वी अशाच हुकमावरून एका ट्रक ड्रायव्हरला अशाच गेटने बाहेर काढला होता. ठाण्यात पोचलं ते त्याचं मढं, आणि तीन दिवसांनी कळलं की अपघात त्याच्या हातून झालेलाच नव्हता. त्याची बायको अजून कधीतरी बाजारात समोर येते आणि काही बोलत नाही.

"दोनपर्यंत," बाई फोनवर म्हणाल्या, "मी तुम्हाला माणूस देते. कुठला देईन ते मात्र मी ठरवणार."

आधी त्यांनी पट्टा पाहिला. पाठीवरच्या बंदाची शिवण कापडी पट्टीखाली झाकलेली असते. ती पट्टी उलटली तर आतला धागा पिवळा पडून भुगा झाला होता. बॅटरीतलं तेजाब लावलं की असं होतं, हे सांगायला प्रयोगशाळा नको होती. वरून बघणाऱ्याला पट्टा ठणठणीत दिसला असता, आणि उस्तादाने शपथेवर सांगितलं की सकाळी त्याला तसाच दिसला.

उस्ताद साठीला टेकलेला, हेकट माणूस. बाईंनी त्याला बाकावर बसवलं. पट्ट्यांचं कपाट कुलपात असतं, पण किल्ली पहारेकऱ्याच्या खोलीत खिळ्याला टांगलेली. आत येणारा कुणीही ती घेऊन जाईल आणि परत लावील.

"पण चोवीस पट्ट्यांतला एकच बिघडवला," बाई म्हणाल्या. "तो याच्याच अंगावर चढणार हे मारणाऱ्याला कसं कळलं?"

उस्तादाने मान खाली घातली. "माझ्यामुळे. यादी छापून येते, तिच्यात जो पहिला, त्याला पट्टा नंबर एक आणि चढायचा मानही त्याचा. दुसऱ्याला दोन. पट्ट्यावरून भांडणं नकोत म्हणून चौदा वर्षं हा नेम मोडला नाही. कारखान्यातलं शेंबडं पोर सांगेल."

"आणि यादीत पहिला कोण, हे कोण ठरवतं?"

"ज्याची नोंद आधी, तो वर. नोंदी ती करते." त्याने आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. "मॅडम, मला त्या मुलीचं वाईट वाटतं. पण याचं उत्तर एकच निघतं ना?"

बाईंनाही त्या क्षणी एकच उत्तर दिसत होतं, आणि ते त्यांना मुळीच आवडलं नाही.

३

नोंदणीवाली जमिनीवर बसून ओठाला ओला रुमाल लावत होती. बाई कण्हत तिच्यासमोर खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "मला संगणकातलं ओ की ठो कळत नाही. तेव्हा मला गाढव समजून सांग. लपवलंस तर मी करवत आहे."

मुलगी अडखळत बोलायला लागली. कारखान्याचं एक शिक्षणाचं पोर्टल आहे. कुठला वर्ग, कधी, कोण शिकवणार, कोण बसणार, सगळं त्यावर. एकेक नाव हाताने चढवायचं तर दिवस जातो. म्हणून तिच्याकडे एक टूल आहे. मुकादमांकडून आलेली नावं ती एका तक्त्यात भरते, प्रत्येक ओळीत कामगाराचा नंबर आणि वर्गाचा नंबर. तक्ता टूलला दिला की ते एपीआयमधून एकेक ओळ पोर्टलकडे पाठवतं आणि पोर्टल प्रत्येक ओळीला उत्तर देतं. या खेपेला दहा वर्ग होते, चोवीसचा एकेक. शुक्रवारी अकरा वाजता तिने दोनशे चाळीस ओळी पाठवल्या, दोन मिनिटांचं काम.

"म्हणजे पोस्टमन," बाई म्हणाल्या. "गठ्ठ्याने पत्रं नेतो आणि प्रत्येकाची पोच आणतो."

"हो, तसंच."

"रंगारी कितव्या ओळीत होता?"

"सतराव्या." ती बाईंना पुढच्या खोलीत आपल्या संगणकापाशी घेऊन गेली आणि तिने शिपायाने आणलेल्या दुसऱ्या कीबोर्डावर तक्ता उघडून दाखवला. "मी पहिला टाकलाच नव्हता हो. पण माझं कुणी ऐकूनच घेतलं नाही."

"हा तक्ता तू सकाळी बदलला नसशील कशावरून?"

मुलगी तक्ता नुसता वरखाली सरकवत राहिली.

"बरं, पोच दाखव. सगळ्या पोचल्या?"

"सगळ्या. दोनशे चाळीसपैकी दोनशे चाळीस. कारखान्याच्या साहेबांना तसं लिहून दिलंय."

हे ती फार भरभर बोलली. बाईंनी तीस वर्षांत हजारभर खोटी वाक्यं ऐकली होती, आणि खोटं वाक्य नेहमी घाईत असतं. त्यांनी चष्मा चढवला आणि पोचांची यादी स्वतः वाचायला घेतली. खाली टूलनेच बेरीज मांडली होती. झाल्या दोनशे एकोणचाळीस, नाकारली एक.

बाहेरून दगड आला, खिडकीची काच फुटली आणि दाराशी उभ्या शिपायाची भुवई फाटली. रक्त डोळ्यांत उतरलं तरी तो जागचा हलला नाही. बाईंनी तिकडे पाहिलं, आणि मग मुलीकडे.

"आता खरं बोल. तुझ्याकडे वेळ फार नाही."

४

खरं साधंच होतं, आणि लाजिरवाणं. मागच्या महिन्यात तीन ओळी नाकारल्या गेल्या म्हणून साहेबांनी तिला सगळ्यांसमोर अर्धा तास उभं केलं होतं. या खेपेला एकच नाकारली गेली, आणि तो माणूस वर्गात बसलेला दिसतच होता, मग कशाला बोंब मारायची? तिने पूर्ण आकडा लिहून दिला.

"कुठली ओळ?"

"सतरावी," ती हलक्या आवाजात म्हणाली. समोर पोर्टलचं उत्तर होतं: हा कामगार या वर्गात आधीच नोंदलेला आहे.

बाई खुर्चीत पुढे सरकल्या. "आधीच म्हणजे तुझ्या आधी. तुझा गठ्ठा जायच्या आधी कुणीतरी त्याचं नाव त्या रिकाम्या वर्गात घातलं, म्हणून तो पहिला आला. अगं मुली, तू लपवलीस ती ओळच तुला वाचवणारी आहे."

मुलीने पोर्टलवर रंगाऱ्याची नोंद उघडली. गुरुवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. नोंद करणारा: स्वतः. आवारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये टचस्क्रीनचा एक खांब आहे. कामगार रजेचे अर्ज त्याच्यावरच करतात. आपला नंबर आणि जन्मतारीख टाकली की खांब ओळखतो, आणि वर्गात नावही स्वतः घालता येतं, पण यादी येणारच असते म्हणून ते कुणी करत नाही.

म्हणजे रंगाऱ्याने आपलं मरण आपल्या हाताने नोंदवलं होतं? बाईंनी शिपायाला रंगखात्यात पिटाळलं आणि टाकीची वही मागवली. बंद टाकीत रंग द्यायला कोण कधी उतरलं आणि कधी वर आलं, ते मुकादमाने लिहायचं असतं. गुरुवारच्या पानावर ठसठशीत अक्षरात होतं, की रंगारी दोनला आत गेला आणि पाचला बाहेर आला.

चार वाजून दहा मिनिटांनी तो टाकीच्या पोटात होता.

"खांबापाशी दुसरा कुणीतरी होता," बाई म्हणाल्या. "खांब आणखी काय लिहून ठेवतो?"

मुलीने खांबाची नोंदवही काढली आणि बोट पडद्यावर टेकवलं. चार दहाच्या आधी, चार नऊला, त्याच नंबरावर आणखी एक प्रयत्न झाला होता. जन्मतारीख जुळली नाही, असा शेरा होता, आणि टाकलेली तारीख शेजारीच होती: बावीस सप्टेंबर. मिनिटभराने एक जानेवारी टाकली तेव्हा खांब उघडला.

"एक जानेवारी कशी?"

"कागदावर तीच आहे," मुलगी म्हणाली. "निम्म्या कारखान्याची तीच. ज्यांना तारीख सांगता आली नाही, त्यांची भरती करताना कारकुनाने एक जानेवारी ठोकून दिली."

बाहेर लोक गज वाजवत होते. दीड वाजला होता.

५

मयताची माहिती भरायचा छापील फॉर्म घेऊन बाई बाहेर आल्या. उस्तादापाशी थांबून नाव, वय, जन्मतारीख असं रुक्षपणे विचारत गेल्या. उस्ताद म्हणाला, "एक जानेवारी. आमच्या वर्गाच्या हजेरीत तसंच आहे. दुसरी कुठली असणार?"

मग त्या दवाखान्याच्या खोलीत गेल्या. प्रेत ओळखायला रंगाऱ्याच्या बायकोला आणलं होतं. ती रडत नव्हती. डावा हात प्लास्टरमध्ये, गळ्यावर बोटांचे जुने पिवळे वळ. हात कसा मोडला हे बाईंनी विचारलं नाही आणि तिनेही पायरीवरून पडले असं काही सांगितलं नाही. दोघींना एकमेकींचं कळलं.

जन्मतारीख विचारल्यावर ती म्हणाली, "कागदावरची की खरी?"

"दोन्ही."

"कागदावर एक जानेवारी. खरी बावीस सप्टेंबर. ते झाले त्या दिवशी थोरल्या भाऊजींचा पाय मोडला होता, म्हणून त्यांना तारीख पक्की आठवायची. सासूबाई गेल्या. आता ती मला नि भाऊजींना, दोघांनाच ठाऊक."

"तू या आवारात कधी आली होतीस?"

"आज पहिल्यांदा," ती म्हणाली, आणि मग प्रश्न तिच्या लक्षात आला असावा. तिने डोळे मिटून घेतले. बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला बरोबर चालायला सांगितलं.

६

नोंदणीच्या खोलीत बाईंनी मुकादमाला बोलावलं. मुलगी संगणकापाशी, फाटक्या भुवईचा शिपाई दारात, रंगाऱ्याची बायको बाहेरच्या बाकावर. मुकादम उंचापुरा, डोळे सुजलेले. भावासाठी तो खरंच रडला होता, हे बाईंना नंतरही खोटं वाटलं नाही.

"फॉर्म भरायचाय, बसा," बाई म्हणाल्या. "मयताचं वय? बरं. जन्मतारीख?"

"बावीस सप्टेंबर," मुकादम म्हणाला. मग थबकून पुस्ती जोडली, "कागदावर एक जानेवारी लागलीय."

"गुरुवारी खांबानेही तुम्हाला तेच सांगितलं."

बाईंनी फॉर्म उलटा ठेवला.

"ऐका. गुरुवारी चार नऊला रंगाऱ्याच्या नंबरावर कुणीतरी बावीस सप्टेंबर टाकली. रंगारी स्वतः असता तर चुकला नसता, दर रजेला तो एक जानेवारीच टाकत होता. शिवाय तो टाकीत होता, तुमच्याच अक्षरात लिहिलंय. उस्तादाला, साहेबांना, या मुलीला फक्त कागदावरची तारीख ठाऊक. ही मुलगी कितीही हुशार असली तरी खोटी नोंद रचताना खरी तारीख आणणार कुठून? ती जगात दोनच माणसांना माहीत आहे आणि त्यातलं एक आज पहिल्यांदा या आवारात आलंय. तुम्ही घाईत होता. जन्मतारीख म्हटल्यावर बोटांना घरातली आठवली. मिनिटभराने कागदावरची सुचली. हिला नावं पुरवणारे तुम्ही, हिचा गठ्ठा शुक्रवारी जातो हे तुम्हाला माहीत, उस्तादाचा नेम माहीत. उरलं तेजाब, ते बॅटरीखात्यात घागरीने मिळतं."

मुकादमाचा चेहरा आधी राखेसारखा झाला आणि मग लाल. तो बाईंच्या अंगावर आला असता तर बाईंना नवल वाटलं नसतं. तो मुलीवर गेला. एका ढांगेत त्याने तिचे केस मुठीत धरून तिचं डोकं टेबलावर आपटलं, पुन्हा उचललं, आणि दुसऱ्या हाताने गळा आवळला. शिपाई धावला तर त्याच्या फाटक्या भुवईवरच कोपर बसलं आणि तो भेलकांडला. मुलीचे पाय जमिनीवर घासत होते, तोंडातून नुसती घरघर.

बाईंचे गुडघे गेले होते, मनगट नव्हतं. दंडुक्याचा पहिला तडाखा त्याच्या कोपरावर बसला, दुसरा मनगटावर, आणि हाड मोडल्याचा आवाज खोलीतल्या सगळ्यांनी ऐकला. तिसरा मारायची गरज नव्हती. तरीही बाईंनी तो मारला.

"हा ट्रक ड्रायव्हरचा," त्या धापा टाकत म्हणाल्या. कुणाला अर्थ कळला नाही.

मुकादम भिंतीशी कोसळून बसला. मुलगी खोकत होती, तिच्या कपाळातून रक्त वाहत होतं, पण श्वास चालू होता.

"हिने काय घोडं मारलं होतं तुझं?" बाई आता एकेरीवर आल्या. "स्वतः मारून पहिली थप्पड हिलाच दिलीस."

"नोकरीवरून काढतील फार तर, असं वाटलं होतं," तो पुटपुटला. "हिने तसं बोलूनच ठेवलं होतं. लोक इतके भडकतील हे कुठे ठाऊक होतं? मग थांबवता आलं नाही."

"थांबवायला तोंड होतं तुला."

आवाज ऐकून रंगाऱ्याची बायको दारात आली होती. तिला पाहिल्यावर त्याचं उरलंसुरलं बळ गेलं, आणि मोडका हात छातीशी धरून तो लहान पोरासारखा रडायला लागला. तिचा हात मोडला त्या रात्री ती त्याच्याच दारात आली होती, हे तो बाईंना सांगत होता. भाऊ सुधारणार नव्हता, आज ना उद्या तिला मारूनच टाकणार होता. पोटच्या पोरासारखा वाढवलेला भाऊ. कुणालातरी हे करावं लागणार होतं.

"तुझ्यासाठी केलं गं," तो तिला म्हणाला. "तूच हात जोडून म्हणाली होतीस ना, भाऊजी, मला सोडवा म्हणून?"

रंगाऱ्याची बायको सरळ मुलीकडे गेली. मग तिच्या कपाळाला आपला पदर लावत, त्याच्याकडे पाठ करून ती बोलली.

"सोडवा नाही, भाऊजी. सोडा म्हटलं होतं मी. माहेरी सोडा. तीनदा म्हटलं. तुम्ही म्हणालात, लोक काय म्हणतील, आणि तीनदा मला त्याच्याच घरी परत नेऊन घातलंत."